निज श्रावण

“कॅलेंडरवर तर दोन श्रावण दिसताहेत,” बर्वे मॅडम म्हणाल्या. “यातला मी कुठला धरायचा?”

जाळी विणायच्या मांडवात जमलेली सगळी माणसं हसली. मीही हसलो. माझे सासरे हिराजी नाखवा तर असे हसले की त्यांना ठसका लागला, आणि सासूबाईंना पाठीवर थोपटावं लागलं.

“बाय,” डोळे पुसत ते म्हणाले, “शिकलीस येवरी, न येवरं पन ठाव नाय? पयला हाय तो धोंड्याचा. अधिक. धोंड्यात लगीन नाय, साखरपुडा नाय, नवी होरी पान्यात ढकलत नाय. त्यो महिना हिशेबातच नाय. निज धर, निज.”

“म्हणजे दुसरा?”

“दुसराच. पिठोरीची अवस निज श्रावनात येते. खारीची पोरं, बारकी मासली, तवाच येतात.”

मॅडमनी दुसऱ्या श्रावणातल्या अमावास्येभोवती पेनाने गोल काढला. जरा थांबून त्यांनी पुन्हा विचारलं, “नक्की ना काका? कारण एकदा तारखा दिल्या की मला बदलता येणार नाहीत. आणि हे एकाच वर्षापुरतं आहे. यंदा फरक दिसला तरच पुढे.”

“हिराजी नाखवा सांगतो म्हंजे नक्की,” मांडवाच्या मागच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, आणि सासऱ्यांनी नुसती मान डोलावली. खाडीबद्दल त्यांना कोणी दुसऱ्यांदा विचारत नसे.

आमच्या वीजकेंद्राला खाडीचं पाणी लागायचं. वाफ थंड करायला मोठमोठे पंप ते आत ओढायचे आणि गरम झालेलं पाणी पलीकडच्या नाल्याने परत खाडीत सोडायचे. पाण्याबरोबर जे येईल ते अडवायला पंपांच्या तोंडाशी फिरत्या जाळ्या होत्या. प्लास्टिक, शेवाळ, ओंडके, आणि मासे. बोटाएवढे मासे जाळीला चिकटून मरायचे आणि त्याहून बारीक असायचे ते जाळीतून आरपार जाऊन आत शिजायचे. त्या जाळीघरात मी ऑपरेटर होतो. जाळीला जे लागेल त्याला आम्ही सगळे कचराच म्हणत असू. दुसरा शब्द तिथे नव्हताच.

मूळचा मीही कोळीच, पण आमची मंडळी आजोबांपासून पनवेलला, त्यामुळे माझा हात कधी होडीला लागला नाही. सासऱ्यांनी माझ्यासारख्याला आपली एकुलती एक पोरगी दिली तेव्हा गावाने त्यांना खूप छेडलं. ते म्हणायचे, “आमचा जावय पन जाल्यावरच कामाला हाय. फकस्त त्याला मासली नको आसते.” हे ते माझ्यादेखत म्हणायचे आणि मग माझ्याच ताटात मोठा तुकडा वाढायचे.

तो तुकडा जिताड्याचा असायचा. आमच्याकडे जिताडा हा जावयाचा मासा. घरामागच्या बांधालगत त्यांचं तळं होतं. दर पावसाळ्यात खाडीत जिताड्याची पिल्लं चढायची, ती ते जाळं फेकून पागून आणायचे, तळ्यात सोडायचे आणि वर्ष दीड वर्ष पोरांसारखी वाढवायचे. केंद्र सुरू झाल्यापासून पिल्लं कमी होत गेली. आदल्या वर्षी त्यांच्या बादलीच्या तळाला काहीतरी वळवळत होतं, बस. तळ्यात आता एकच जुना जिताडा उरला होता, आणि तो ते कोणासाठीही काढत नसत.

बर्वे मॅडम केंद्राच्या पर्यावरण अधिकारी. सांगलीकडच्या, अंगाने काडी, पण चिकाटी अशी की साहेबलोक त्यांना बघून वाट बदलायचे. केंद्र दर वर्षी डागडुजीसाठी पंधराएक दिवस बंद असतंच, मग ते उन्हाळ्यात का, पिल्लं खाडीत चढतात तेव्हा का नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. हे एवढंसं म्हणणं वरच्या ऑफिसात पटवायला त्यांची तीन वर्षं गेली. अखेर वरून होकार आला, तोही एका वर्षाच्या चाचणीपुरता. पंप बंद असताना खाडीत पिल्लं वाढलेली दिसली तर दर वर्षी बंद ठेवू, नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही. म्हणून त्या दिवशी त्या कॅलेंडर घेऊन मांडवात आल्या होत्या.

“पिठोरीच का पण?” निघताना त्यांनी विचारलं.

सासूबाई लाजल्या, मग त्यांनीच सांगितलं. पिठोरीला आई पोरांकडे पाठ करून बसते, खीरपुरीचं ताट डोक्यावरून मागे धरते आणि विचारते, अतीत कोण, म्हणजे अतिथी कोण? मागे उभं असलेलं पोर म्हणतं, मी. आणि ताट घेतं. आमच्या गावात बायका घरच्या पोरांना विचारून झालं की खाडीवर जातात. खाडीकडे पाठ करून तिलाही विचारतात. खाडीच्या वतीने गावचा नाखवा, म्हणजे सासरे, उत्तर देतात.

“काय उत्तर देतात?”

“पान्यात जे दिसल ते,” सासरे म्हणाले. “मी बोय. मी कोलंबी. मी जितारा. नाय दिसल त्याचं नाव घेवाचं नाय. खोटं बोल्लं तर पोरांना बाधतं.”

मॅडमनी कॅलेंडर गुंडाळलं. मग छत्री उघडून निघाल्या.

पावसाळा लागला. धोंड्याचा महिना आला आणि सरत आला, तरी मला वाण घ्यायला सासरी जाता येईना. कधी रात्रपाळी, कधी कोणी रजेवर. शेवटी सासूबाईंनी निरोप धाडला की अवसेला धोंडा संपतो, तोवर आला नाहीत तर पुढल्या अधिकापर्यंत मी तोंड दाखवणार नाही. म्हणून अमावास्येला सकाळी मी आणि हेमा गेलो. माझी दुपारची पाळी होती.

मला पाटावर बसवलं, ओवाळलं. पुरणाचे धोंडे आणि त्यावर तुपाची धार. अनारसे मोजून डब्यात भरले होते, त्यांची जाळी हेमाला दाखवून सासूबाई म्हणाल्या, “बघ, याला म्हनतात जाली. तुज्या नवऱ्याची नाय तशी.” सासरे उंबऱ्यावर बसून होते. एवढ्या खुशीत मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

“जावयबापू, उद्यापासून निज लागतो,” ते म्हणाले. “येती अवस तुमचे पंप बंद. मंग पघा. तल्यात यंदा बादल्यांनी सोरतो का नाय.”

“एवढी पिल्लं येतील?”

“वाट मोकली ठेवा, मंग पघा. खारी काय इसरली नाय आपल्याला.”

“आन तो जुना कवा काढताव?” सासूबाईंनी छेडलं.

“नवी आली का काढतो. जावयाच्याच ताटात. आजून मयन्याभराची बात.”

बाहेर भरती चढत होती. अमावास्येचं उधाण, पाणी बांधाला लागलेलं ओसरीवरून दिसत होतं. हेमाने सहज म्हटलं, “आबा, पानी पघा कसलं गढूल झालंय.” ते वळून म्हणाले, “धोंड्याचं पानी, त्यात काय पघाचं,” आणि मला आणखी एक धोंडा वाढायला लावला. मला ते वाक्य आजही ऐकू येतं. मी निघालो तेव्हा पोट इतकं तट्ट होतं की अनारशांचा डबा तिथेच राहिला.

जाळीघरात शिरलो तर सकाळच्या पाळीचा माणूस नळी घेऊन जाळी धूत होता. “आज कचरा फार आहे रे,” तो म्हणाला. “सकाळपासून हात उचलायला फुरसत नाही. दोनदा खड्डा भरला.”

जाळी वर येत होती. तिच्यावर चांदीचा पातळ पत्रा चढवल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते हलत होतं. जवळ गेलो. नखाएवढी, बोटाच्या पेराएवढी पिल्लं. पाठीवर काळपट, डोक्यावरून एक फिकी रेघ. हजारोंनी. जाळी वर यायची, पाण्याचा फवारा त्यांना खालच्या पन्हळीसारख्या नाळीत ढकलायचा, नाळ कचऱ्याच्या खड्ड्यात. मागून दुसरी जाळी, तशीच भरलेली.

मी मॅडमना फोन लावला. त्या कॉलनीतून जवळजवळ पळत आल्या, पायांत वेगवेगळ्या चपला. जाळीजवळ वाकून बघितलं.

“ही कोणती पिल्लं आहेत?” त्यांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं.

“मला नाही ओळखता येत, मॅडम.”

तिथूनच त्यांनी प्रमुख साहेबांना फोन केला. मी एका बाजूचंच ऐकत होतो. आजच्या आज, सर. निदान भरती ओसरेपर्यंत. होय सर, तारखा गावानेच दिल्या होत्या. होय, मीच कळवल्या. नाही सर, पण मासे समोर दिसताहेत. मग त्या नुसत्या ऐकत राहिल्या. डागडुजीचे लोक, सामान, वरची परवानगी, सगळं पुढच्या महिन्याला ठरलेलं होतं. एका माणसाच्या फोनवर केंद्र बंद होत नसतं.

भिंतीवर लाल बटण होतं. मी त्याच्याकडे बघतोय हे मॅडमनी पाहिलं.

“त्याचा उपयोग नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “हा पंप बंद पडला की शेजारचा आपोआप सुरू होतो. तुमची नोकरी जाईल, आणि पाणी तेवढंच ओढलं जाईल.”

मग आम्ही बादल्या घेतल्या. नाळीतून जिवंत वाटतील ती पिल्लं ओंजळीने उचलायची, बादलीत टाकायची आणि कुंपणापलीकडे बांधावरून खाडीत सोडायची. मॅडम साडी खोचून धावत होत्या. अर्ध्याहून जास्त पिल्लं बांधावर पोचेपर्यंत उलटी व्हायची. जी सोडली ती तरी कुठे जाणार, पंप त्यांना पुन्हा ओढतच होते. हे कळत असूनही आम्ही थांबलो नाही.

तिसरी की चौथी खेप असेल. फाटकाकडून आवाज आला, “जावयबापू, वान इसरलात की!”

सासरे उभे होते. धुतलेला सदरा, डोक्यावर लाल टोपी, हातात अनारशांचा डबा. धोंड्याचं वाण घरी परत ठेवायचं नाही म्हणून ते चालत आले होते. पहारेकऱ्याने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान खाली घातली, आणि त्याने फाटक उघडलं.

मी बादली मागे लपवली. लहान पोरासारखी लपवली. त्यांनी ती पाहिलीच.

“काय रं त्यात?”

त्यांनी डबा कट्ट्यावर ठेवला, वाकून बादलीत हात घातला आणि एक पिल्लू तळहातावर घेतलं. अंगठ्याने त्याच्या डोक्यावरची रेघ पुसल्यासारखी केली. मग ते जाळीघरात गेले. इतकी वर्षं मी तिथे कामाला होतो, पण ते आत पहिल्यांदाच येत होते. जाळी वर येत होती, भरलेली. दुसरी आली, भरलेली. ते बघत उभे राहिले.

“जितारा,” ते म्हणाले. “सगला जितारा हाय.”

पंपांच्या आवाजात मला ते नुसतं ओठांवरून कळलं.

“आज काय हाय?” त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

“अमावास्या, मामा.”

“कंची?”

मॅडम पुढे झाल्या. “अधिकातली, काका.”

त्यांनी मान हलवली. मी त्यांना धरायला गेलो, पण ते ताठ उभे होते. काहीतरी मागचं मागचं आठवत असल्यासारखे ओठ हलत होते.

“बाप म्हनाचा, एकांद साली मासली लवकर येते,” ते म्हणाले. “मी पन तेच सांगत आलो लोकांना. यंदा लवकर आली, यंदा लवकर आली. ती कुटं लवकर येत व्हती रं? ती आपल्या टायमालाच येत व्हती. धोंड्याच्या साली आपुनच मयनाभर उशिरा जात व्हतो.”

“काका, तुमची काही चूक नाही,” मॅडम म्हणाल्या. “पूर्वी खाडी इतकी भरलेली असायची की महिन्याने गेलात तरी पिल्लं असायचीच. कोणाच्या लक्षात येणार?”

“तुज्या आलंतं,” ते म्हणाले. “तू इचारलंस. आमी हसलो.”

हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ते अगदी मऊ आवाजात म्हटलं. मग सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, माझ्या हातातली बादली घेतली आणि नाळीपाशी उकिडवे बसले. भरती ओसरेपर्यंत ते पिल्लं वेचत होते. मेलेली एका बाजूला, जिवंत बादलीत. वेचताना ते त्यांच्याशी बोलत होते, पण काय, ते पंपांनी ऐकू दिलं नाही. उजेड कमी झाला तेव्हा मॅडमनी त्यांना हाताला धरून उठवलं. डबा कट्ट्यावरच होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “घरी ने. वान हाय. टाकाचं नाय.”

गावात त्यांना कोणी एक शब्द बोललं नाही. मांडवात ते आले की लोक सरकून जागा द्यायचे, विडी पुढे करायचे. दोष कोणी दिला असता तर ते भांडले तरी असते. हेमा म्हणायची, आबा रात्री तळ्याच्या काठाला जाऊन बसतात. मी गेलो की ते मला विचारायचे, “आज किती लागली जालीला?” मी म्हणायचो, आता नाहीत. आणि ते खरंच होतं. त्या उधाणानंतर जाळीला पुन्हा नुसतं प्लास्टिक लागत होतं.

निज श्रावण लागला. केंद्राने शब्द पाळला, ठरल्या दिवशी पंप थांबले. ती शांतता मी कधी विसरणार नाही. जाळीघरात मला माझ्याच चपलांचा आवाज ऐकू आला. पलीकडच्या नाल्यातलं पाणी गार झालं, बगळे तिथे पुन्हा उतरले. मॅडम रोज भरतीला बारीक जाळं घेऊन खाडीत उतरायच्या, चिखलाने माखून वर यायच्या आणि काही न बोलता बाटल्या पिशवीत भरायच्या. एका शब्दाने त्या सासऱ्यांना काही म्हणाल्या नाहीत. मुद्दाम त्यांच्या घरी जाऊन चहा घ्यायच्या.

मग पिठोरी आली. संध्याकाळी घराघरांतल्या पोरांना विचारून झालं आणि बायका ताटं घेऊन खाडीवर निघाल्या. मला वाटलं होतं सासरे येणार नाहीत. ते सगळ्यांच्या आधी जाऊन पोचले होते. गुडघाभर पाण्यात उभे, टोपी काढून काखेत धरलेली. पाणी इतकं निवळ मी त्या खाडीत पाहिलं नव्हतं. तळाचा चिखल दिसत होता, त्यांची पावलं दिसत होती.

मॅडम बांधावर माझ्या शेजारी उभ्या होत्या. सगळं गाव उभं होतं. मला माहीत होतं, मॅडमना माहीत होतं, गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं की आज त्यांनी नुसतं एक नाव घेतलं तरी कोणी पाण्यात डोकावून बघणार नाही. एखादी बोय, एखादी कोलंबी. कोणी खोटं म्हटलं नसतं. मी मनात म्हणत होतो, घ्या मामा, एक नाव घ्या.

सासूबाई खाडीकडे पाठ करून बसल्या. खीरपुरीचं ताट डोक्यावरून मागे धरलं.

“अतीत कोन?”

सासरे पाण्यात बघत होते. दोन पावलं पुढे गेले, वाकले, हाताने पाणी बाजूला सारल्यासारखं केलं.

“अतीत कोन?” सासूबाईंनी पुन्हा विचारलं. ताट एका बाजूला कलायला लागलं होतं. हेमा धरायला पुढे झाली, तर शेजारणीने तिला मागे ओढलं. तिसऱ्यांदा विचारताना सासूबाईंचा आवाज असा आला, जणू रात्र होऊनही घरी न आलेल्या पोराला अंगणातून हाक मारताहेत.

“अवो, अतीत कोन?”

सासरे सरळ झाले. तोंड आमच्याकडे केलं.

“कोन नाय गो,” ते म्हणाले. “कोन नाय.”